लोभ, मत्सर, आळस आणि पीटर ब्रॉयगलची सात चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाच्या दुर्गुणांना देह द्यायचा आणि त्यांची चित्रं छापून विकायची, हा उद्योग युरोपात १५व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८व्या शतकापर्यंत जोरात चालला. कुणी लाकडावर कोरून छापली, कुणी तांब्यावर. त्यातला एकच संच निवांत पाहायचा असेल, तर १५५८ साली अँटवर्पला (आजच्या बेल्जियममध्ये) छापलेला सात पापांचा संच पाहावा असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथली बहुतेक उत्तरं त्याच्याभोवतीच फिरतात. इतर कलाकार ओघाने येतील.

हा संच नेमका कोणी केला?

तिघांनी मिळून. रेखाटनं पीटर ब्रॉयगल (थोरला) याची. पहिलं, लोभाचं, १५५६ मधलं आणि उरलेली सहा १५५७ मधली. ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली पीटर व्हान डर हेडनने. पैसा लावला, छापलं आणि विकलं हिरोनिमस कॉकने. त्याच्या प्रकाशनगृहाचं नाव होतं ‘चार वारे’. जगाच्या चारही दिशांना आपला माल जावा ही त्याची इच्छा होती, आणि बऱ्याच अंशी तो गेलाही.

ब्रॉयगल तेव्हा आज आपल्याला माहीत असलेला मोठा चित्रकार झालेला नव्हता. खेड्यातली लग्नं, बर्फातले शिकारी ही त्याची प्रसिद्ध रंगचित्रं पुढची. इटलीचा प्रवास करून परतल्यावर तो कॉकसाठी रेखाटनं करून देत असे, आणि त्याचं नाव आधी झालं ते या छापील चित्रांमुळेच.

‘सात पापं’ आली कुठून? आपल्या षड्रिपूंशी त्यांचं नातं आहे का?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या ख्रिस्ती साधकाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी पहिला याने ती घासूनपुसून सातांवर आणली. पुढच्या शतकांत क्रम आणि नावं थोडी इकडेतिकडे झाली, पण ब्रॉयगलच्या काळी गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, कामवासना, खादाडपणा आणि आळस ही यादी पक्की होती.

षड्रिपूंशी ऐतिहासिक नातं नाही. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर दोन्हीकडे आहेत, त्यामुळे आपल्याला ही चित्रं परकी वाटत नाहीत. पण खादाडपणा आणि आळस षड्रिपूंत नाहीत, आणि आपला मोह त्यांच्या सातांत नाही. ब्रॉयगलची सर्वांत गमतीदार दोन चित्रं नेमकी खादाडपणाची आणि आळसाची आहेत, तेव्हा तुलना तिथेच सोडून चित्रांकडे वळलेलं बरं.

प्रत्येक चित्राच्या मध्यभागी बाईच का?

लॅटिनमध्ये गर्व, लोभ, मत्सर, क्रोध हे सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे त्यांना देह द्यायचा म्हटलं की स्त्रीदेहच सुचे. इ. स. ४००च्या सुमारास प्रुडेन्शियस या लॅटिन कवीने सद्गुण आणि दुर्गुण यांची लढाई रंगवली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या योद्ध्या बायकाच होत्या. मध्ययुगीन हस्तलिखितांनी हे रूप घट्ट केलं आणि छपाईने ते घरोघरी नेलं. सद्गुणांच्या चित्रांतही बाईच असते, एवढं लक्षात ठेवावं.

पण व्याकरणावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. त्या काळच्या कितीतरी छापील चित्रांत स्त्रीचं शरीर म्हणजेच मोह असा सरळ हिशेब आहे, आणि गिऱ्हाईकाला नग्न देह दाखवायला पापाचं निमित्त सोयीचं पडे. ब्रॉयगल यातून सुटतो असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे फरक इतकाच, की मधली बाई ही चित्राची पाटी आहे. खरं चित्र तिच्या आजूबाजूला घडतं, आणि तिथे पुरुषांची गर्दी भरपूर आहे.

बाईजवळचं जनावर काय सांगतं?

देवाच्या मूर्तीचं वाहन पाहून आपण देव ओळखतो, तशी ही जनावरं पाहून पाप ओळखायचं. ब्रॉयगलकडे गर्वाजवळ पिसारा फुलवलेला मोर आहे, लोभाजवळ बेडूक, क्रोधाजवळ अस्वल, कामवासनेजवळ कोंबडा, खादाडपणाखाली डुक्कर, आळसाच्या उशाला गाढव. आपल्याकडे मोर सरस्वतीजवळ आणि कार्तिकेयाजवळ असतो, म्हणून तो गर्वाशेजारी पाहून मराठी माणूस क्षणभर अडखळतो. युरोपात मात्र मोर म्हणजे स्वतःच्या रूपावर भाळलेला पक्षी.

मत्सराची गोष्ट खास आहे. मत्सराला परंपरेने कुत्रा देत. ब्रॉयगलच्या चित्रातही एका हाडावर तुटून पडलेले दोन कुत्रे आहेत. पण बाईच्या शेजारी त्याने उभा केलाय टर्की. हा पक्षी मूळ अमेरिकेतला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला १६व्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे हे चित्र छापलं तेव्हा तो अजून नवलाईचाच होता. जुन्या पापाला ब्रॉयगलने अगदी ताजा पाहुणा जोडून दिला.

यातला एकही संकेत दगडावरची रेघ नव्हता. कामवासनेला कुणी बोकड देई, क्रोधाला कुणी सिंह. एका कलाकाराची खूण पाठ करून दुसऱ्याच्या चित्रावर लावायला गेलात, तर फसाल.

चित्रात इतकी गर्दी आहे की काही कळत नाही. वाचायचं कुठून?

मधल्या बाईपासून सुरू करा आणि मग तिला सोडून द्या. लोभाचंच चित्र घेऊ.

मध्यभागी जुन्या धाटणीचं शिरोभूषण घातलेली बाई बसली आहे. मांडीवर नाण्यांची रास आहे आणि एक हात शेजारच्या पेटीत गेलाय. ती पेटी भरण्याचं काम एक सरड्यासारखा प्राणी करतोय, फुटक्या मडक्यातून नाणी ओतून. बाईचं लक्ष ना त्याच्याकडे, ना पायाशी बसलेल्या बेडकाकडे.

आता तिच्या मागे पाहा. एक मोडकंतोडकं खोपट आहे. ते सावकाराचं दुकान. लोकांनी गहाण टाकलेले कपडे आणि भांडी तिथे दिसतात, आणि ज्यांच्याकडे गहाण टाकायला काही उरलं नाही ते उघडेनागडे फिरतायत. वर भलीमोठी कात्री आहे आणि तिच्या पात्यांत एक नागडा माणूस सापडलाय. लोकर कातरावी तसा सावकार माणूस कातरतो, हे इतकं उघड सांगून ठेवलंय.

त्याहून वर नजर न्या. काठीच्या टोकाला पैशाची मोठी थैली टांगली आहे आणि खाली उभे असलेले लोक तिच्यावर धनुष्यातून नेम धरतायत. जत्रेतल्या नेमबाजीसारखा मामला. थैली फाटली की नाणी खाली पडणार. म्हणजे सावकारही लोभी आणि सावकाराला लुटायला निघालेलेही लोभीच. गरीब तेवढा निष्पाप, अशी सोयीची वाटणी ब्रॉयगल करत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

ही फेरी झाली की पुन्हा मधल्या बाईकडे या. आता ती निराळी दिसते. एवढा गोंधळ चाललाय आणि तिचा हात पेटीतून निघत नाही.

या चित्रांत सैतान पापी लोकांना शिक्षा देताना फारसा दिसत नाही. असं का?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे.

जुन्या नरकचित्रांत हिशेब सोपा असे. लोभी माणसाला उकळतं सोनं पाजायचं, खादाडाला बेडूक खाऊ घालायचे. आधी पाप, मग न्यायनिवाडा, मग शिक्षा. ब्रॉयगलच्या सात चित्रांत हा क्रमच नाही. तिथे राक्षस आहेत, पण त्यांतले बरेचसे हाताखालचे मदतनीस. आणि माणसं? माणसं कामात आहेत. नीट पाहिलं तर प्रत्येक पापाचा एक धंदा आहे, त्याचं दुकान आहे, त्याला गिऱ्हाईक आहे. लोभाचं सावकारी दुकान आपण पाहिलं. गर्वाच्या चित्रात केस धुवून सजवून देणाऱ्याचं दुकान आहे आणि तिथे वर्दळ आहे. मत्सराच्या चित्रात जोड्यांची विक्री चालली आहे. लोक दुसऱ्याच्या पायाकडे पाहत आपले पाय बुटांत कोंबतायत, कुठे नुसते बूट घातलेले पायच वर आलेले दिसतात. मत्सराची बाई स्वतः काय करते? स्वतःचंच काळीज खाते.

खादाडपणाच्या चित्रात टेबलाभोवती नागडी माणसं आणि राक्षस एका पंगतीला बसलेत. मधली बाई डुकरावर बसून भांडं तोंडाला लावून पितेय. जवळच एक माणूस आपलं पोट ढकलगाडीवर ठेवून चाललाय, कारण ते त्याला पेलवत नाही. मागे माणसाच्या डोक्याच्या आकाराची पवनचक्की उभी आहे आणि तिच्या उघड्या तोंडात पोत्यांमागून पोती ओतली जातायत. त्या पोट ढकलणाऱ्याला कुणी शिक्षा केलेली नाही. तो नुसता पुढच्या जेवणाला निघालाय.

क्रोधाचं चित्र याला थोडं अपवाद. तिथे मारहाण, भाजणं, कापणं सगळं आहे. चिलखत घातलेली बाई तंबूतून तलवार घेऊन धावत सुटलीय, सैनिकांनी खांद्यावर नेलेला प्रचंड सुरा समोर येईल त्याला चिरत जातोय, एका माणसाला शिगेवर भाजणं चाललंय. पण हे नरकातले यमदूत नव्हेत, ही लष्कराची छावणी आहे. क्रोधाचा धंदा युद्ध.

पाप हा एकट्या माणसाच्या मनातला विकार, असं आपण सहज म्हणतो. ब्रॉयगल त्याचं अख्खं गाव वसवून दाखवतो. कामाला लागलेलं, गजबजलेलं.

आळसाच्या चित्रात तरी कसला आलाय धंदा?

तिथेच ब्रॉयगलची कमाल आहे. मधली बाई गाढवाला टेकून गाढ झोपली आहे आणि एक राक्षस तिची उशी नीट करतोय, जराही उसंत न घेता. आळस पोसायलाही कुणाला तरी राबावं लागतं. आजूबाजूला गोगलगायी सरपटतायत. मोठं घड्याळ आहे, ज्याकडे कुणी पाहत नाही.

आणि मागे तो राक्षसी देहाचा माणूस, ज्याच्याबद्दल लोक संकोचून विचारतात. तो उकिडवा बसलाय आणि होडीतली माणसं मागून त्याच्या बुडाला काठीने ढोसतायत. डच भाषेत पराकोटीच्या आळशाला ‘हगायचाही कंटाळा’ अशा अर्थाचा वाक्प्रचार होता, तोच इथे जसाच्या तसा उभा केलाय. संग्रहालयांच्या माहितीत हा भाग कधीकधी सभ्य शब्दांत गुंडाळलेला असतो. गुंडाळू नये. १५५८ मधल्या गिऱ्हाईकाने नेमकं इथेच बोट ठेवून शेजाऱ्याला दाखवलं असणार.

मग ही चित्रं हसवायला होती की धाक घालायला?

दोन्ही, आणि एकाच वेळी. हसू आलं म्हणजे धडा वाया गेला, असं त्या काळी कुणी मानत नसे. जत्रेतले खेळ, सोंगं, म्हणी सगळ्यांत नीती आणि फाजीलपणा हातात हात घालून चालत. १५६७ साली फ्लोरेन्सच्या लुडोव्हिको ग्विचार्दिनीने नेदरलँड्सच्या प्रदेशाचं वर्णन छापलं, त्यात ब्रॉयगलला ‘दुसरा बॉश’ म्हटलंय. बॉश म्हणजे आधीच्या पिढीतला, विचित्र भुतावळ रंगवणारा चित्रकार. ब्रॉयगलची ख्याती तेव्हा या विचित्र जिवांमुळे होती, हे त्यावरून कळतं.

म्हणजे ही भुतावळ बॉशकडून उचललेली?

घेतलेली आहे, आणि उघडपणे. हिरोनिमस बॉश १५१६ साली वारला. चाळीस वर्षांनीही त्याच्या अर्धे मासे, अर्धे पक्षी, पाय फुटलेली डोकी अशा भुतावळीला बाजारात प्रचंड मागणी होती. कॉकला व्यापारी म्हणून ती पुरवायची होती आणि ब्रॉयगलचा हात त्यासाठी तयार होता. मोठे मासे लहान माशांना गिळतात ते प्रसिद्ध चित्र पाहा. मूळ रेखाटन ब्रॉयगलचं, १५५६ सालचं, आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. १५५७ साली ते छापलं तेव्हा खाली कल्पक म्हणून नाव घातलं बॉशचं! मेलेल्या माणसाचं नाव जिवंत माणसापेक्षा जास्त खपत होतं.

सात पापांच्या संचाने ही रीत पालटली. तो ब्रॉयगलच्याच नावाने निघाला. आणि मालमसाला बॉशचा असला तरी स्वयंपाकी वेगळा आहे हे कळतं. बॉशचा नरक अंगावर येतो, ब्रॉयगलच्या पापनगरीत आपण रस्ता चुकल्यासारखे रेंगाळतो.

ब्रॉयगलने पत्रे स्वतः का कोरले नाहीत?

कारण ते वेगळं कसब होतं. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. कोरणीचं तिरकस टोक तळहाताने पुढे रेटायचं, वळणदार रेघ हवी तर हात न वळवता पत्राच फिरवायचा. कोरताना रेघेच्या कडेला तांब्याची जी धारदार कोर उठते ती खरवडून काढायची. मग शाई चोळायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा म्हणजे शाई फक्त खोबणीत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबयंत्रातून काढला की कागद खोबणीतली शाई उचलतो. हे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीचं काम. व्हान डर हेडन त्यात मुरलेला होता. ब्रॉयगलची स्वतःच्या हाताने केलेली छापील कृती एकच मानली जाते. सशाची शिकार दाखवणारं ते १५६० सालचं एचिंग, म्हणजे आम्लाने पत्रा खाववून केलेलं छापील चित्र.

छापल्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. म्हणून अशा कामासाठी रेखाटताना चित्रकार हे धरूनच चालत: उजव्या हातातली तलवार डाव्या हातात काढायची. रेखाटन आणि छाप शेजारी ठेवून पाहिले तर उजवं-डावं बदललेलं लगेच दिसतं. रेखाटनातली रेघ हलकी, तुटक, श्वास घेणारी आहे. कोरलेली रेघ सलग आणि कडक. व्हान डर हेडनला काही जण निव्वळ नकलाकार म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. इतक्या गर्दीत प्रत्येक आकार सुटा दिसतो, काळ्याचा चिखल होत नाही, ही त्याची करामत आहे. त्याची सही शोधा: पेट्रस आ मेरिका या लॅटिन नावाची अक्षरं एकात एक गुंफलेली सापडतील.

चित्राखाली कोणत्या भाषेत काय लिहिलंय?

एक ओळ लॅटिनमध्ये आणि दोन ओळी डचमध्ये, यमक जुळवून. मत्सराखालच्या डच ओळींचा मथितार्थ असा: मत्सर हे न संपणारं मरण आणि क्रूर रोगराई, खोट्या त्रासाने स्वतःलाच खाणारं जनावर. लोभाखाली म्हटलंय की ओरबाडणाऱ्या लोभाला ना मान दिसतो, ना सभ्यता, ना लाज, ना देवाची ताकीद. आळस माणसाला दुबळा करतो, त्याच्या शिरा सुकवतो, शेवटी तो कशाच्याच कामाचा राहत नाही. क्रोधाने तोंड सुजतं आणि रक्त काळं पडतं.

शरीराची भाषा किती आहे पाहा. पाप आत्म्याला लागतं, पण दिसतं ते शिरांत, रक्तात, सुजलेल्या तोंडात.

ही चित्रं विकत कोण घेत होतं?

लॅटिन आणि डच एकाच कागदावर असणं यातच निम्मं उत्तर आलं. विद्वान, वकील, धर्मगुरू यांना लॅटिन, आणि लिहिता-वाचता येणारे व्यापारी, कारागीर यांना डच. अँटवर्प तेव्हा उत्तर युरोपातलं सर्वांत गजबजलेलं बंदर होतं, सुमारे एक लाख वस्तीचं. १५३१ पासून तिथे व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी खास बांधलेली पेढी होती, जिथे हुंड्या आणि कर्जं यांचे व्यवहार दिवसभर चालत. लोभाच्या चित्रात सावकाराचं खोपट का, हे अशा शहरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

चित्राचं माप साधारण २२.५ बाय २९.५ सेंटिमीटर. ए-४ कागद आडवा धरला की जवळपास तेवढंच. हे भिंतीवर लांबून बघायचं चित्रच नव्हे. टेबलावर ठेवून, दोघा-तिघांनी वाकून, एकमेकांना दाखवत बघायचं. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघत, त्यामुळे एकच चित्र अनेक गावांत पोचे. १५७० साली कॉक वारला, तरी त्याची बायको फोल्क्सकन डीरिक्स हिने धंदा बंद पडू दिला नाही. १६०० साली तिचा मृत्यू होईपर्यंत तिने तो चालवला. कलेच्या इतिहासात तिचं नाव तळटीपेत असतं, ते वर यायला हवं.

ब्रॉयगलच्या आधी कोणी दुर्गुणांची चित्रं छापली?

पुष्कळांनी. पण सगळीच सांगत बसण्यापेक्षा तीन नमुने पाहा.

इटलीत आंद्रेआ मांतेन्याने १५व्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रदेवांची लढाई तांब्यावर कोरली. त्यात एक सुरकुतलेली, वाळलेली म्हातारी हातात पाटी धरून ओरडते आहे. पाटीवर मत्सराचं लॅटिन नाव. माशांच्या शेपट्यांचे धष्टपुष्ट देव एकमेकांवर तुटून पडलेत ते तिच्यामुळे.

दुसरं आल्ब्रेख्त ड्यूररचं, १४९८च्या सुमाराचं. शेगडीजवळ उशा लावून एक प्रौढ माणूस डुलकी घेतोय. मागून एक लहानसा सैतान भात्याने त्याच्या कानात वारा भरतोय. समोर नग्न व्हीनस, रोमन प्रेमदेवता, उभी आहे आणि खाली तिचं पोर लाकडी टांगांवर चढायच्या खटपटीत आहे. आळसातून वासना कशी शिरते, हे एका भात्यात सांगितलंय. ना गर्दी, ना पाटी. ड्यूररची ही काटकसर ब्रॉयगलच्या अगदी उलट आहे, आणि दोन्ही पटतात.

जर्मनीत हाइनरिश आल्डेग्रेव्हरने १५५२ साली सद्गुण-दुर्गुणांचा चौदा चित्रांचा संच काढला. तळहातावर मावतील अशी चित्रं, कोरीवकाम अत्यंत नाजूक. मला ती सुंदर वाटतात, पण त्यांत गावातला आवाज नाही.

ब्रॉयगलने या खुणा रिपाच्या प्रतीककोशातून घेतल्या असं वाचलं होतं. खरं का?

नाही. चेझारे रिपाचा कोश प्रथम निघाला १५९३ साली रोममध्ये, आणि तोही चित्रांविना. सचित्र आवृत्ती १६०३ची. ब्रॉयगल १५६९ मध्येच वारला होता. १७व्या शतकातल्या चित्रांसाठी रिपा जरूर उघडावा, या संचासाठी नाही.

सद्गुणांचाही संच आहे का?

आहे, १५५९-६० मधला, कॉकनेच काढलेला. तिथे भुतावळ जवळजवळ गायब होते आणि त्या काळचे खरे रस्ते, खऱ्या बायाबापड्या दिसतात. न्यायाच्या चित्रात डोळे बांधलेल्या न्यायदेवतेभोवती छळ, फटके, फाशी सगळं यथासांग चाललंय. ते कौतुक आहे की आरोप, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. माझ्या मते ब्रॉयगलने तिथेही दुकानच मांडलंय, न्यायाचं.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध येतो का?

येतो, आणि तो गोव्यातून जातो. १५५६ मध्ये, ज्या वर्षी ब्रॉयगलने लोभाचं रेखाटन केलं, त्याच वर्षी जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक संघाच्या पाद्र्यांबरोबर भारतातलं पहिलं छापखान्याचं यंत्र गोव्याला उतरलं. पुढे १५७९च्या अखेरीस गोव्याहून रुडॉल्फो आक्वाव्हिव्हाच्या नेतृत्वाखाली जेझुइट पाद्री अकबराच्या भेटीला निघाले आणि १५८०च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अकबराला जे ग्रंथ दिले त्यांत अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातलं बहुभाषी बायबल होतं. त्यातलं ‘राजाची धर्मनिष्ठा’ हे रूपकचित्र कोरलं होतं पीटर व्हान डर हेडनने. हो, सात पापं कोरणारा तोच. अकबराच्या दरबारातला चित्रकार बसावन याने त्या चित्रातल्या स्त्रीरूपावरून स्वतःची चित्रं केली. अमूर्त गुणाला बाईचा देह द्यायची युरोपीय रीत मुघल चित्रशाळेत शिरली, त्यात या कोरक्याच्या हाताचा वाटा आहे.

ही परंपरा पुढे कुठे गेली?

१७व्या शतकात लॉरेनच्या (आजच्या फ्रान्समधल्या) जाक कालोने सात पापं छोट्या एचिंगमध्ये केली: एकेक पाप, एकेक आकृती, मागे रिकामी जागा. पण ब्रॉयगलचा खरा वारस मला लंडनचा विल्यम होगार्थ वाटतो. त्याची १७५१ सालची जिन या कडक दारूच्या गल्लीची आणि बिअरच्या रस्त्याची जोडी पाहा. तेव्हा स्वस्त जिनने लंडनचे गरीब मोहल्ले पोखरले होते, आणि त्याच वर्षी संसदेने जिनविक्रीला लगाम घालणारा कायदा केला. होगार्थने एका प्रतीची किंमत ठेवली एक शिलिंग.

गल्लीत मध्यभागी पुन्हा बाईच आहे. पायऱ्यांवर बसलेली, पायांवर फोड उठलेले, तपकिरीच्या चिमटीत गुंग. तिच्या हातून मूल कठड्यावरून खाली पडतंय आणि तिला पत्ता नाही. ब्रॉयगलच्या लोभाची बाई जशी पेटीतून हात काढत नाही, तशीच ही. फक्त आता तिच्या नावाची पाटी लागत नाही, जनावर लागत नाही. आणि शेजारी कुणाचं दुकान तेजीत आहे? गहाणवट ठेवणाऱ्याचं. सुतार आपली करवत घेऊन आलाय, एक बाई स्वयंपाकाची भांडी. बिअरच्या रस्त्यावर मात्र तेच दुकान डबघाईला आलेलं दाखवलंय.

घरबसल्या ही चित्रं कुठे नीट पाहता येतील?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर कॉकच्या छापील चित्रांच्या मोठ्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. लोभाचं मूळ रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तेही संकेतस्थळावर दिसतं. आळसाचं अल्बर्टिनात, क्रोधाचं फ्लोरेन्सच्या उफित्सीत, कामवासनेचं ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात.

मोबाइलवर पाहू नका, निदान पहिल्यांदा तरी. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लोभाचं रेखाटन आणि त्याची छापील प्रत शेजारी शेजारी उघडा. आधी कात्री शोधा, मग थैली, मग बेडूक. लहान मुलं बरोबर असतील तर कामवासनेचं चित्र आधी एकट्याने पाहून घ्या. बाकी सहांत मुलं तुमच्यापेक्षा लवकर रमतील, आणि तुम्हाला न दिसलेल्या गोष्टी दाखवतील.